मोकळा कान

ज्या कुणा शहाण्यानं 'मोकळा कान' काढून टाकायचं ठरवलं, त्याला एकदा मिरजेत आणून माझ्यासमोर चटईवर बसवा. मी त्याला मारणार नाही. शिव्या देईन, पण त्या नंतर. आधी त्याच्या मांडीवर तंबोरा देईन आणि म्हणेन, छेड बाबा एक तार आणि काय ऐकू येतं ते मला सांग, कारण तुझ्या कृपेनं मला काही येत नाही.

माझं नाव श्रीपती सुतार. वय चौसष्ट. मी तंबोऱ्याची जवारी काढतो. जवारी म्हणजे काय ते आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. तंबोऱ्याच्या भोपळ्यापुढं छोट्या चौरंगासारखा एक तुकडा बसवलेला असतो, त्याला आम्ही घोडी म्हणतो. तारा तिच्या माथ्यावरून जातात. माथा बघायला सपाट, पण तसा तो नसतो. त्याला केसाएवढा उतार दिलेला असतो. तार थरथरली की त्या उतारावर घासत जाते आणि एका सुरातून आणखी दहा सूर निघतात. मग तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा दोरा सरकवायचा. तो बरोबर जागेवर आला की तंबोरा बोलायला लागतो. उतार किती द्यायचा, याचं माप कुठल्याही पुस्तकात नाही. कानस एकदा फिरवायची, तार छेडायची, ऐकायचं. पुन्हा एकदा फिरवायची, पुन्हा ऐकायचं. कान हेच माप.

आणि नेमके माझे कानच पन्नाशीत गेले. तरुणपणी लाकूड चिरायच्या यंत्रापाशी कानात बोळे न घालता दिवसदिवस उभा राहायचो, त्याची फळं. कानाच्या आत गोगलगायीच्या शंखासारखी नळी असते, तिच्यात केसाळ पेशी असतात. त्या मेल्या की परत उगवत नाहीत. डॉक्टरांनी दोन्ही कानांमागं यंत्र बसवलं आणि त्याची बारीक तार त्या शंखात सोडली. पूर्वीच्या यंत्रांच्या तारेला वीस-बावीस टोकं असायची. बोलणं कळायचं, पण गाणं म्हणजे पत्र्याच्या डब्यात खडे. माझ्या यंत्राच्या तारेला चार हजार टोकं आहेत. ते बसवल्यावर मी पहिल्यांदा पंचम छेडला आणि दुकानात एकटाच रडलो. त्यात लपवण्यासारखं काही नाही.

हे यंत्र आवाज नुसता मोठा करत नाही. ते आधी आवाजाची पाखडणी करतं. हे बोलणं, हा पंखा, ही रिक्षा, असं वेगळं करतं आणि कामाचं तेवढं मेंदूकडं पाठवतं. कामाचं कोणतं, हे कंपनीचं सॉफ्टवेअर ठरवतं. पण मोबाइलवर एक बटण होतं, 'मोकळा कान'. ते दाबलं की पाखडणी बंद. जे आहे ते सगळं आत. बाजारात, बँकेत मी ते बंद ठेवायचो आणि दुकानात पाऊल टाकलं की चालू करायचो. आठ वर्षं असं चाललं. कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

मार्गशीर्षातल्या एका मंगळवारी मी कामाला बसलो. काम साधं नव्हतं. पुण्याच्या गायिका मृणालिनी देवस्थळी यांची साठीची मैफल चैत्रात होती आणि त्यांना तंबोऱ्यांची नवी जोडी हवी होती. सव्वीस वर्षं त्यांचे तंबोरे माझ्याच हातचे. मी तार छेडली. टण् झालं आणि पुढं काही नाही. म्हटलं, जवारी उघडलेली नाही, घास अजून. घासली. टण्. दोरा सरकवला. टण्. तार जुनी वाटली, बदलली. भोपळ्याला दोष दिला, हवेला दिला, घोडीच्या लाकडाला दिला. दुपारपर्यंत त्या घोडीचा माथा मी इतका खाल्ला होता की तिचा उपयोग फक्त दाराला पाचर म्हणून राहिला. मग मोबाइल बघितला. तिथं लिहिलं होतं, अभिनंदन, पहाटे तुमचं यंत्र आवृत्ती नऊवर गेलं आहे. 'मोकळा कान'चं बटण जागेवर नव्हतं.

मी म्हटलं, चुकून गेलं असेल, दुसरीकडं कुठं ठेवलं असेल. आपल्या घरात नाही का, सून आली की डबे बदलतात. सगळ्या कप्प्यांत शोधलं. नव्हतं. मग कंपनीला फोन लावला.

फोनवर एक गोड आवाज आला, माणसाचा नव्हता. त्याला मी तीनदा समजावलं. त्यानं तीनदा विचारलं की मला बोलणं स्पष्ट ऐकू येतं का. मी म्हटलं, येतं. मग तो म्हणाला, छान, तुमची अडचण सुटली याचा आनंद आहे. दुसऱ्या दिवशी भांडून भांडून एक खरा माणूस मिळवला. त्यानं तंबोरा कधी बघितला नव्हता. तो म्हणाला, काका, तुम्ही संगीत ऐकायला घ्या ना, यंत्रात गाण्यांचा स्वतंत्र विभाग आहे. मी म्हटलं, अरे, मला ऐकायचं नाही, करायचंय. तो म्हणाला, तुमची सूचना आम्ही पुढं पाठवतो. उंटावरून शेळ्या हाकणारे बरेच बघितले होते, पण यांना शेळीसुद्धा माहीत नाही. जुनी आवृत्ती परत बसवता येते का विचारलं, तर म्हणाला, सुरक्षेच्या कारणास्तव नाही.

त्यांच्या तक्रारींच्या पानावर गेलो तेव्हा कळलं की मी एकटा नाही. तिथं कानावर पोट असलेली जगभरची माणसं जमा झाली होती आणि सगळी चिडलेली. एक पियानो सुरात लावणारा होता. फरशी ठोकून पोकळ आहे का ते सांगणारा एक गवंडी होता. पोटाला नळी लावून बाळाचे ठोके ऐकणारी एक सुईण होती. इचलकरंजीच्या एका फिटरनं लिहिलं होतं की माग बिघडायच्या आधी त्याचा सूर बदलतो, त्यावर मी तीस वर्षं पोट भरलं. पुढं त्यानं लिहिलं होतं, आता ऐंशी माग चालू असताना मला कारखान्यात देवळासारखी शांतता वाटते, मी काय तिथं जप करू का? त्याला मी खाली लिहिलं, भाऊ, जागा ठेवा, मी पण येतो.

तिथंच एका इंजिनिअर बाईनं सगळ्यांना नीट समजावून सांगितलं होतं, तेव्हा कुठं मला उलगडा झाला. माणसाचं बोलणं क्षणाक्षणाला बदलतं. अक्षर येतं, जातं, आवाज चढतो, पडतो. पंखा, मिक्सर, मोटार यांचा आवाज एकसारखा असतो. म्हणून यंत्राला शिकवलंय की जे बदलतं ते कामाचं आणि जे टिकून राहतं तो कचरा. शिवाय जुनी यंत्रं मध्येच कुईं करून शिट्टी मारायची, तीसुद्धा एकसुरी. म्हणून एकसुरी आवाज दिसला की नवं सॉफ्टवेअर तो सेकंदाच्या दहाव्या भागात गिळून टाकतं. आता मला सांगा, जगात तंबोऱ्याइतकं टिकून राहणारं, तंबोऱ्याइतकं एकसुरी दुसरं काय आहे? ज्यासाठी आम्ही जन्म घालवला तेच या यंत्राच्या लेखी कचरा. छेडल्याचा टण् तेवढा बदल म्हणून आत यायचा, आणि खरा तंबोरा सुरू व्हायच्या आत दार बंद.

कंपनीनं महिन्याभरानं एक उत्तर टाकलं. 'मोकळा कान' हजारात चारच माणसं वापरत होती. तो ठेवल्यानं बाकीच्यांचा गोंधळ व्हायचा. तो काढल्यानं बोलणं चौतीस टक्के अधिक स्पष्ट झालं आहे. हे मात्र खोटं नव्हतं. माझी बायको शालन स्वयंपाकघरात, म्हणजे दुकानाच्या भिंतीपलीकडं, स्वतःशी काय पुटपुटते तेसुद्धा मला आता ऐकू यायला लागलं. अडतीस वर्षं ती पुटपुटत होती. त्यातलं बरंचसं माझ्याबद्दल होतं.

मग मी उपाय सुरू केले. यंत्र काढून बघितलं, तर पूर्ण अंधार. तंबोऱ्याची दांडी दातांत धरली, तर नुसती थरथर कळली, तीसुद्धा दातांना. मोबाइलवर आवाजाचा आलेख दाखवणारं ॲप घेतलं, तर मोबाइलचा माइकसुद्धा त्याच शाळेत शिकलेला. त्यानंही तंबोरा पुसून टाकला आणि बाहेरून जाणाऱ्या भाजीवाल्याची आरोळी मात्र छान काढून दाखवली. आगीतून फुफाट्यात. या सगळ्या धडपडीत दुसरी घोडी गेली. तिसरी अर्धी गेली.

आणि हे कुणाला सांगायची सोय नाही. माझ्या कानामागं यंत्र आहे हे सगळ्या मिरजेला ठाऊक होतं. पण जवारी काढणाऱ्या माणसाला जवारीच ऐकू येत नाही, हे एकदा पसरलं की संपलं. उद्या माझ्या दारात तंबोरा घेऊन कोण येईल? आंधळ्या सोनाराकडं कुणी नथ करायला टाकत नाही. बाहेर मी म्हणायचो, जोडी सावकाश चाललीय, घाई करण्यासारखं काम नाही. घरात मी कुणाशी धड बोलत नव्हतो.

तिसऱ्या घोडीवर मी घासत बसलो होतो, तेव्हा शालन हात पुसत दारात येऊन उभी राहिली. ती दुकानात कधी बसत नसे. बसू नको असं मी कधी म्हटलं नव्हतं, पण बस असंही म्हटलं नव्हतं. तिनं थोडा वेळ बघितलं आणि म्हणाली, "अहो, किती घासणार? कालच बोलत होता तो. आता फाटलाय."

मी कानस खाली ठेवली. विचारलं, तुला कसं कळलं? ती म्हणाली, अडतीस वर्षं भिंतीपलीकडं भाकरी थापतेय, एवढं कळू नये? मग मी तिला सगळं सांगितलं. आवृत्ती नऊ, मोकळा कान, टण्, सगळं. तिनं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न काय विचारला, तर दोन महिने हे एकट्यानं कशाला गिळत बसलात. मी उलट तिच्यावरच चिडलो.

दुसऱ्या दिवसापासून ती जेवणं आटोपली की माझ्यासमोर पाटावर बसायला लागली. मी छेडायचो, ती सांगायची. पण सांगणार काय? आमच्या धंद्यात शब्द थोडे, आणि ते तिला माहीत नाहीत. ती म्हणायची, कोरडी आहे. मी म्हणायचो, कोरडी म्हणजे बंद की कर्कश? ती म्हणायची, कोरडी म्हणजे कोरडी, शिळ्या भाकरीसारखी. मधल्या दोन तारांतली एक 'झोपलीय' म्हणाली. मी दोरा मागं घेतला. म्हणाली, आता घोरतेय. तीन दिवस आम्ही भांडलो. मी म्हणालो, तुला सांगता येत नाही. ती म्हणाली, तुम्हाला समजत नाही. नाचता येईना अंगण वाकडं असं ती पुटपुटली, तेही मला स्वच्छ ऐकू आलं, चौतीस टक्के अधिक.

चौथ्या दिवशी मी फारच वैतागलो आणि ओरडलो की अगं, नेमकं कसं वाजतंय ते तरी सांग. तीही वैतागली होती. तिनं मला वेडावून दाखवावं तसं तोंड केलं, नाक आवळलं आणि घशातून तारेची नक्कल केली. ओठ गोल, मग हळूहळू ताणत नेले, ओऽऽ वरून ईंऽऽ पर्यंत, आणि शेवटी नाकात एक बारीक माशी सोडून दिली.

मला ऐकू आलं.

आधी लक्षातच आलं नाही काय झालं. मी म्हणालो, पुन्हा कर. तिनं केलं. सगळं ऐकू आलं, सुरुवातीपासून शेवटच्या माशीपर्यंत. पंचमात मध्येच एक भोक होतं, तेसुद्धा. म्हणजे तिनं तार जशी ऐकली तशी, भोकासकट, घशातून काढली होती. यंत्र तार गिळत होतं, पण माणसाचा घसा गिळायची त्याला परवानगी नव्हती. घशातला आवाज कितीही लांबवला तरी अगदी एकसारखा कधीच नसतो. श्वास हलतो, ओठ हलतात, रक्त धावतं. सॉफ्टवेअरनं तेवढ्यावरून ओळखलं की हे माणूस आहे आणि मुकाट्यानं दार उघडलं. कंपनीच्या हुशारीला शालननं पाटावर बसून चकवलं होतं, आणि मी खुळ्यासारखा तिच्याकडं बघत होतो.

मग काम मार्गी लागलं. मी तार छेडायची, ती ऐकायची, मग ती तार होऊन मला ऐकवायची. मी कानस फिरवायची. एका तारेला कधी दीडशे-दोनशे वेळा. तिचा घसा बसला की आम्ही थांबायचो, मी तिला ज्येष्ठमध चघळायला द्यायचो, दुसऱ्या दिवशी पुन्हा. हळूहळू ती माझ्या विचारण्याची वाट बघेना. मी कानस उचलली की नुसती मान हलवायची, नको. एकदा दोरा सरकवायला मी हात पुढं केला तर तिनं माझा हात बाजूला केला आणि नखानं स्वतः सरकवला. मग मला ऐकवलं. मी म्हणालो, ठीक आहे. ठीक नव्हतं, फार चांगलं होतं. पण मी ठीक आहे म्हणालो.

हे बाहेर कुणाला सांगायचं नाही, असं मी तिला बजावलं होतं. ती म्हणाली, बाकीच्यांना नका सांगू, पण मृणालिनीताईंना सांगा. त्या गाणार आहेत त्याच्यावर, त्यांना माहीत पाहिजे. मी म्हणालो, सांगतो. खरंच सांगणार होतो.

फाल्गुन संपता संपता ताई आल्या. सांगलीला त्यांच्या भावाकडं उतरल्या होत्या; आज ऐकायचं आणि उद्या जोडी गाडीत घालून पुण्याला न्यायची, असा बेत. ताई साठीच्या, पण पाठ अजून ताठ, केस कानांवरून मागं घेऊन सैल बांधलेले. चटईवर बसल्या, तंबोरा जवळ घेतला, डोळे मिटले आणि छेडत राहिल्या. पाच मिनिटं झाली असतील. मला टण् टण् टण् टण् ऐकू येत होतं. मी त्यांच्या चेहऱ्याकडं बघत होतो. मग त्यांनी डोळे उघडले.

"मिस्त्री, सव्वीस वर्षांत अशी जवारी तुम्ही काढली नव्हती," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून विचारलं, "तुमचं ते यंत्र नवीन झालंय म्हणतात. त्यावर सगळं नीट ऐकू येतं ना तुम्हाला?"

आता बोलायला हवं होतं. शालन चहा करायला आत गेली होती. तोंड उघडलं आणि त्यातून आलं, "येतं की. इतक्या वर्षांचं काम, कानात बसलंय सगळं."

शालन ट्रे घेऊन दारात होती. तिनं कप खाली ठेवले, ताईंना साखर पुरेशी आहे ना विचारलं आणि आत गेली. ताई गेल्यावर मी भिंतीकडं कान लावून बसलो. आवृत्ती नऊमुळं मला तिची सगळी कुरकुर ऐकू येते. त्या दिवशी तिकडून भांड्यांशिवाय काही आलं नाही.

सकाळी मी जोडी पुसायला घेतली, तर एका तंबोऱ्याचा खर्जाचा दोरा सरकलेला. हवा बदलली की असं होतं. दोन मिनिटांचं काम, पण ऐकणारं कुणी हवं. मी हाक मारली. ती आली, दारातच थांबली. मी म्हणालो, जरा ऐक ना हा खर्ज. ती म्हणाली, "तुमच्या कानात बसलंय ना सगळं?" आणि आत गेली.

मी दोरा मागं घेतला, टण्. पुढं घेतला, टण्. केसभर इकडं, केसभर तिकडं. अकराला ताई येणार होत्या आणि मी तिथं बसून एका दोऱ्याशी झोंबत होतो, ज्याचं मला काडीचं कळत नव्हतं. रागानं अंग जळत होतं. कंपनीचा राग आला, त्या गोड आवाजाचा आला, हजारातल्या नऊशे शहाण्णवांचा आला. मग एकेक करून सगळे राग संपले आणि माझा स्वतःचा उरला. तिनं घसा फाडून घेतला होता आणि मी दोन शब्दांत तिला पुसून टाकलं होतं. त्या यंत्राला निदान तसं शिकवलेलं असतं. मला कुणी शिकवलं होतं?

ताई आल्या तेव्हा त्यांना मी बसूही दिलं नाही. उभ्या उभ्या सांगितलं. की मला चार महिने तंबोरा ऐकू येत नाही. की ही जवारी माझी नाही, शालनची आहे. हात माझा फिरला असेल, पण कान तिचा. की काल मी खोटं बोललो. तुम्हाला जोडी नको असेल तर नका नेऊ, आणि चार लोकांना सांगायचं असेल तर तेही सांगा. हे मी मुद्दाम मोठ्यानं बोललो, भिंतीपलीकडं जावं म्हणून.

मला वाटलं, ताई आता आल्या पावली परत जाणार. त्यांनी कानावरचे केस बाजूला केले. कानामागं माझ्यासारखंच यंत्र होतं, फक्त लहान आणि महागडं.

"मलाही नुसतं टण् ऐकू येतं," त्या म्हणाल्या. "मार्गशीर्षापासून."

मी चटई पुढं ओढून त्यांना बसवलं. म्हणालो, मग काल जे बोललात ते? त्या म्हणाल्या, "तुमच्या चेहऱ्याकडं बघून बोलले. तुम्ही समाधानी दिसलात. मला वाटलं, मिस्त्रींना ऐकू येतंय, म्हणजे चांगलंच असणार."

आणि मी त्यांच्या चेहऱ्याकडं बघत होतो. दोन बहिरी माणसं समोरासमोर बसून एकमेकांच्या तोंडावर जवारी तपासत होती. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं. त्या वेळी घरात तंबोरा ऐकू येणारी एकच बाई होती, आणि ती आमच्यासाठी चहा करत होती. मी हसायला लागलो, पण ते हसू धड नव्हतं. ताई हसल्या नाहीत. त्यांनी सांगितलं की कुणाला सांगायची हिंमत झाली नाही. गाणाऱ्या बाईला तंबोरा ऐकू येत नाही म्हटल्यावर तिला कोण बोलावणार? आठवणीवर गात होत्या. या चार महिन्यांत तीन मैफली झाल्या, तिन्हीकडं लोकांनी दाद दिली.

शालन केव्हा आली कळलं नाही. ती पाटावर बसली, खर्जाची तार छेडली, दोरा नखानं जरासा मागं घेतला, पुन्हा छेडली. मग तंबोरा मांडीशी धरून चारी तारा सलग छेडत राहिली आणि ताईंना म्हणाली, ताई, सा लावा बघू.

एवढ्या मोठ्या गायिकेला कुणी असं सांगावं? पण ताईंनी लावला. तो मात्र मला पूर्ण ऐकू आला, भरदार, गोल. मला वाटलं, काय सुंदर लागलाय.

"उतरलाय," शालन म्हणाली.

ताईंनी विचारलं, किती? शालनला श्रुती वगैरे शब्द माहीत नव्हते. तिनं नाक आवळलं, ओठ गोल केले आणि तंबोऱ्याचा षड्ज घशातून काढला. ताईंनी तो ऐकला. त्यांचा स्वतःचा सा अजून चालू होता. तो हळूहळू वर सरकायला लागला, सरकत सरकत शालनच्या सुराला जाऊन मिळाला आणि तिथं थांबला. अंतर सुताएवढंच होतं, पण माझ्यासारख्या बहिऱ्यालासुद्धा ते कळलं. ताईंनी गाणं थांबवलं आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"तिन्ही मैफली मी अशीच गायले असणार," त्या म्हणाल्या. "मागं माझ्या शिष्या बसल्या होत्या. पेटीवाला होता. कुणी बोललं नाही."

शालन म्हणाली, "तुम्ही विचारलं नसेल."

मग ताई शालनला म्हणाल्या, मैफलीला अकरा दिवस आहेत. तुम्ही आजच माझ्याबरोबर पुण्याला चला. रोज समोर बसा, मी उतरले की सांगा, आणि मैफलीत माझ्यामागं तंबोऱ्यावर तुम्हीच बसा. माझ्या कानाशी तुम्ही जे गुणगुणाल, त्यावर मी गाईन.

दुकानात कोल्हापूरचे दोन तंबोरे जवारीला येऊन पडले होते. ती गेली तर अकरा दिवस मी म्हणजे नुसता एक सुतार. आणि अकराच दिवस कशावरून? एकदा लोकांना कळलं की असा कान मिरजेत आहे, तर गवंड्यापासून गायकापर्यंत सगळे तिलाच न्यायला येतील. नको म्हणावं असं फार वाटलं. शब्द ओठांपर्यंत आले होते.

ताई रिवाजाप्रमाणं माझ्याकडं वळल्या आणि त्यांनी विचारलं, "मिस्त्री, यांना नेऊ ना मी?"

मी तोंड उघडायच्या आत शालन उठली. पदर खोचला आणि आत बॅग भरायला जाता जाता म्हणाली, "त्यांना काय विचारता, ताई? त्यांना ऐकू येत नाही."